सकाळी सात ते रात्री दहा : सोसायटीच्या व्यवस्थापन समितीला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सभासद

स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तिन्ही विंगच्या लिफ्टशेजारी पाळीव कुत्र्यांबद्दलची जी नोटीस लागली, तिच्याबद्दल हे पत्र. पत्र समितीला आहे, पण मुद्दाम खुलं ठेवलंय. जवळजवळ याच मजकुराची नोटीस माझ्या बहिणीच्या ठाण्यातल्या सोसायटीत लागून गेली आणि भाचीच्या नाशिकच्या सोसायटीत सध्या तिच्यावर सह्या गोळा करणं चालू आहे. कुणीतरी एकाने केलेला मसुदा व्हॉट्सॅपवरून राज्यभर फिरतोय असा माझा संशय आहे. पुण्यातल्या माणसांनी पाटी दुसऱ्याकडून उसनी घ्यावी, हे मला जरा लागलंच.

नोटीस म्हणते, कुत्र्यांना खाली आणायचं ते सकाळी सहा ते सात आणि रात्री दहा ते अकरा, एवढ्याच वेळात. मुख्य लिफ्ट वापरायची नाही. 'पाळीव प्राणी, घरकामगार व सामान' यांनी मागच्या लिफ्टने जायचं. घराबाहेर कुत्र्याच्या तोंडाला कायम मझल (मुसकं) हवा. आणि दर कुत्र्यामागे महिना पाचशे रुपये 'स्वच्छता शुल्क'. कारण दिलंय ते भुंकण्याच्या आणि घाणीच्या वाढत्या तक्रारींचं.

तक्रारी खऱ्या आहेत. मी स्वतः कुत्रं पाळते, तरी सांगते की खऱ्या आहेत. पण या नियमांनी त्या कमी होणार नाहीत, वाढतील. कुत्र्याची निगा नीट राखली गेली नाही की ते भुंकतं, घाण करतं, अंगावर येतं. आणि या नोटिशीतला जवळजवळ प्रत्येक नियम निगा राखणं अवघड करणारा आहे.

वेळेचंच बघा. सकाळी सात ते रात्री दहा म्हणजे पंधरा तास. धडधाकट, पूर्ण वाढलेलं कुत्रं सहा ते आठ तास लघवी धरू शकतं; तेही रोज करायला लावू नये, पण निभावतं. पिल्लाला तेवढंही जमत नाही. ढोबळ हिशोब असा, की जितक्या महिन्यांचं पिल्लू तितके तास, फार तर एखादा वर. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसा दर तीन तासांनी खाली न्यावं लागतं, शिवाय झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर लगेच. कुठे करायचं आणि कुठे नाही हे शिकवायचे हेच दिवस असतात. याच दिवसांत त्याला कोंडून ठेवलं, तर ते गॅलरीत, जिन्यात, लिफ्टच्या दाराशी करायला शिकतं. एकदा ठरलेली जागा कुत्रं सहजी सोडत नाही, वास त्याला तिथेच परत आणतो. जिना फिनेलने पुसून त्याच्या नाकाला फरक पडत नाही.

म्हाताऱ्या कुत्र्यांचं आणखी वेगळं. मूत्रपिंडं थकलेलं, मधुमेह झालेलं, किंवा खाजेसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असलेलं कुत्रं पाणीही जास्त पितं आणि बाहेरही जास्त वेळा जातं. रोज तासन् तास लघवी तुंबवून ठेवावी लागलेल्या मादीला मूत्रमार्गाचा संसर्ग होण्याची भीती असते, आणि संसर्ग झाला की तीच मादी पार्किंगमध्ये दर दहा पावलांवर बसते. म्हणजे घाणीची पुढची तक्रार आपणच तयार करून ठेवली. समितीतल्या सभासदांनी पंधरा तासांचा नियम आधी स्वतःवर लावून पाहावा, असं मी म्हणणार नाही. सगळ्यांची वयं मला माहीत आहेत.

आता भुंकण्याकडे येते. सगळ्यात जास्त तक्रारी ए विंगमधल्या बीगलच्या आहेत. त्याच्या घरचे दोघेही हिंजवडीला जातात, सकाळी लवकर निघतात आणि रात्री अंधार पडल्यावर येतात. दिवसभर कुत्रं गॅलरीत. दुपारी ते हेल काढून ओरडायला लागतं, आणि खालच्या मजल्यावर बारावीचा अभ्यास चालू असतो. त्या मुलीबद्दल मला सहानुभूती आहे, अगदी मनापासून. पण बीगल म्हणजे काय हे लक्षात घ्या. सशाच्या वासावर, कळपाने, मैलोन्‌मैल धावण्यासाठी इंग्लंडात शिकाऱ्यांनी ही जात पिढ्यान्‌पिढ्या घडवली, आणि शिकारी मागे राहिला तरी त्याला ऐकू यावं म्हणून तो लांब जाणारा हेलही जपला. आपण तो शिकारी चार फुटांच्या गॅलरीत ठेवलाय आणि वर म्हणतोय, गप्प बस.

कुत्र्याच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी वीस-तीस कोटींच्या घरात असतात; आपल्या नाकात पन्नास-साठ लाख. त्याचं जग नाकाने चालतं. म्हणून ज्यांना वाटतं की कुत्र्याला गच्चीवर चार चकरा मारून आणलं की झालं, त्यांची गल्लत होते. नुसत्या पळण्याने त्याचे पाय दमतात, डोकं दमत नाही. झाडाचा बुंधा, कंपाउंडची भिंत, काल रात्री मांजर बसलेली स्कूटर हे सगळं सावकाश हुंगत अर्धा तास फिरलेलं कुत्रं घरी येऊन आडवं होतं. त्या बीगलला सकाळी तसं नीट फिरवलं, दुपारी एकदा कोणी खाली नेलं, आणि त्याचं खाणं वाडग्यात न देता जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवून शोधायला लावलं, तर दुपारचं ओरडणं पुष्कळ उतरेल. दुपारी नेण्यासाठी पगारी मुलगा ठेवायला त्याच्या घरचे तयार आहेत, मी त्यांच्याशी बोलले. पण तुमच्या नोटिशीप्रमाणे दुपारी दोन वाजता कुत्र्याला खाली आणणं हाच नियमभंग आहे.

इथे कायद्याबद्दल थोडं. प्रत्येक श्वानप्रेमी मंडळाच्या मेसेजात असतं ते संविधानाचं ५१-अ (प्राणिमात्रांवर दया करणं हे नागरिकाचं कर्तव्य) मी इथे पुन्हा लिहीत नाही. त्याहून साधी गोष्ट सांगते. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. ज्या सहकारी संस्था अधिनियमाचा हवाला तुमच्या नोटिशीच्या पहिल्याच ओळीत आहे, तोही १९६० चाच. त्या पहिल्या कायद्याच्या अकराव्या कलमात मारहाण, उपासमार वगैरेंच्या यादीत आणखी एक गुन्हा आहे : नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवण्यात मालकाने कसूर करणं. म्हणजे कुत्र्याला फिरवणं हा मालकाचा छंद नसून कायद्याने त्याच्यावर टाकलेली जबाबदारी आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे, त्यामुळे कोणी घाबरत नाही हा भाग वेगळा. पण जी जबाबदारी कायदा माझ्यावर टाकतो, ती पार पाडायला सोसायटी मला मज्जाव करते, असा हा प्रकार आहे.

बाकीचं समितीच्या वकिलांना विचारून घ्या. भारतीय प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक गृहनिर्माण संस्थांसाठीच आहे. पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, तिच्यासाठी वेगळं शुल्क घेता येत नाही. मझलची सक्ती करता येत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. केरळ उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये पाळीव प्राण्यांना मनाई करणारे रहिवासी संघांचे नियम बेकायदा ठरवले; निकाल केरळचा आहे, पण वाचण्याजोगा आहे. मला मात्र या वाटेने जायचं नाही. भांडून मिळालेल्या लिफ्टमध्ये रोज एकमेकांची तोंडं बघावी लागतात.

लिफ्टचं मात्र स्वतंत्र बोलायला हवं, कारण तो नियम लिहिताना सी विंगच्या सहाव्या मजल्यावरचे काका कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. त्यांच्या एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. त्यांच्या लॅब्रॅडॉरचे मागचे सांधे गेलेले आहेत. मोठ्या जातीच्या कुत्र्यांना म्हातारपणी हे फार होतं, आणि जिना उतरताना त्यांच्या सांध्यांवर सगळ्यात जास्त ताण येतो. मागची लिफ्ट महिन्यातले कितीतरी दिवस बंद असते, चालू असली तरी तिच्यापर्यंत जायला तीन पायऱ्या आहेत. नोटीस पाळायची तर काकांनी पस्तीस किलोचं जनावर उचलायचं, किंवा त्याला सहा मजले उतरवायचं.

काकू गेल्या, मुलगा जर्मनीत. तो वर्षाकाठी येतो, रोज व्हिडिओ कॉल करतो, चांगला मुलगा आहे. पण काका सकाळी वेळेवर उठतात ते कुत्र्याला खाली न्यायचं असतं म्हणून, आणि वेळेवर जेवतात ते त्याला जेवायला घालायचं असतं म्हणून. बागेतल्या बाकावर त्यांच्याशी चार माणसं बोलतात, तीही आधी कुत्र्याची चौकशी करतात आणि मग त्यांची. आपल्या सोसायटीत अशी एकटी राहणारी घरं किती आहेत हे खजिनदारांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक, मेंटेनन्सचे पैसे परदेशातून येतात ती मोजा. ज्येष्ठ नागरिकांसाठी आपण वर्षातून एकदा सहल काढतो, रक्तदाब तपासणीचं शिबिर घेतो. काकांना रोज दोनदा घराबाहेर काढण्याचं काम मात्र एक कुत्रं फुकटात करतंय. त्याच्या वाटेत निदान आपण येऊ नये.

आणि त्याच वाक्यातलं ते 'घरकामगार'. कुत्र्यांच्या नोटिशीत तुम्ही हळूच घरकाम करणाऱ्या बायकांना सामानाच्या लिफ्टमध्ये बसवलंत. ज्या आपल्या घरात येऊन आपल्या आईवडिलांना आंघोळ घालतात, त्या आपल्याबरोबर लिफ्टमध्ये नकोत? कुत्र्यांविषयी काय ठरवायचं ते ठरवा, पण तो शब्द आजच खोडा. यावर मी जास्त लिहीत नाही, लिहिलं तर पत्राची भाषा बिघडेल.

मझलचा नियम कुत्र्याला समोर न आणता केलेला दिसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. पंज्यांच्या गाद्यांना थोडा येतो, तो जवळजवळ नसल्यासारखाच. अंगातली उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे धापा टाकणं हाच खरा मार्ग असतो, तोंड उघडं, जीभ बाहेर. बाजारात सर्रास मिळणारा पट्ट्यांचा मझल जबडा बंद ठेवतो. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात पारा चाळिशीला टेकतो तेव्हा असा मझल लावून कुत्र्याला फिरवणं म्हणजे त्याला उष्माघाताकडे नेणं. कुत्र्याचं शरीराचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, त्यामुळे धोक्याची पातळी गाठायला फार वेळ लागत नाही. पग, शित्झू, बुलडॉग या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर नुसतंच श्वास घेताना त्रास होतो. आपल्या आवारात एक सैबेरियन हस्कीही आहे. तो या हवेत कशासाठी आणला, हा प्रश्न मी त्याच्या मालकांना विचारून वाईटपणा घेतलेला आहे, पण आता आलाय तर त्याला जगू दे.

चावण्याचा पूर्वेतिहास असलेल्या कुत्र्याला मझल जरूर लावावा, मात्र तो टोपलीसारखा, ज्यात तोंड उघडता येतं आणि पाणी पिता येतं. त्याची सवय घरी, खाऊ देत देत, हळूहळू लावावी लागते. बाकी सगळ्यांना आवारात सहा फुटांची साधी दोरी पुरे. ती लांबत जाणारी फिरकीची दोरी मात्र तुम्ही खुशाल बंद करा, मी पाठिंबा देईन. लिफ्टचं दार उघडतं, कुत्रं बारा फूट पुढे असतं आणि मालक अजून आत फोनवर.

कारण मालकांबद्दल बोलल्याशिवाय हे पत्र प्रामाणिक होणार नाही. "तो काही करत नाही हो!" हे वाक्य या आवारात रोज ऐकू येतं. समोर चार वर्षांचं पोर भिंतीला चिकटून रडतंय, किंवा हाताला प्लॅस्टर घातलेल्या आजी जिन्याशी थिजल्यात, आणि दोरी ढिली सोडून मालक हसत हसत खात्री देतोय. तो काही करत नाही हे त्याला माहीत असेल; त्या आजींना कसं माहीत असणार? घाबरलेल्या माणसाला कुत्र्याचा स्वभाव समजावून सांगू नये. दोरी आखडून बाजूला व्हावं, लिफ्टमध्ये आधीच कोणी असेल तर पुढच्या लिफ्टची वाट बघावी. घरात काम करायला येणाऱ्या बाईंना भीती वाटत असेल, तर त्या येण्याआधी कुत्र्याला दुसऱ्या खोलीत ठेवावं. 'होईल सवय' म्हणून त्यांच्या भीतीची गंमत करू नये. आणि कुत्रं लहान मुलाच्या हाती देऊन पाठवू नये. कुत्र्याच्या बाबतीत हयगय केली, त्यातून कोणाला इजा होण्याजोगी परिस्थिती आली, तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हे श्वानपालकांच्या ग्रुपवर मी टाकलं तेव्हा पसंतीचा अंगठा देणारे फार थोडे निघाले.

घाणीचं काम तर निव्वळ मालकांचं आहे आणि त्याला शुल्काची गरज नाही. पाचशे रुपये भरले की उचलायचं नाही, असाच अर्थ लोक काढतील. मी ओळखते आपल्या लोकांना. जुन्या वर्तमानपत्राचा चौकोन खिशात ठेवायचा, उचलायचं, घरी आणून संडासात टाकून पाणी सोडायचं. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ती गुपचूप सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकणारे आपल्यात आहेत. आपला कचरा न्यायला 'स्वच्छ' सहकारी संस्थेच्या ज्या ताई येतात, त्या तो हाताने निवडतात. त्या पिशवीची गाठ कोणाच्या हातात सुटते याचा विचार करा. बागेमागच्या खतखड्ड्यातही टाकू नका : कुत्र्याच्या विष्ठेतून जंतांची अंडी येतात, आपल्या खड्ड्यातली उष्णता ती मारायला पुरत नाही, आणि तेच खत माळी आपल्या मेथी-कोथिंबिरीच्या वाफ्यात टाकतो. दर तीन महिन्यांनी कुत्र्याला जंताचं औषध द्यायचं ते त्याच्यासाठी तर असतंच, पण मातीत खेळणाऱ्या मुलांसाठीही असतं.

मला सगळ्यात आश्चर्य वाटलं ते नोटिशीत जे नाही त्याचं. दोन पानांत रेबीजच्या लशीचा उल्लेख एकदाही नाही. महापालिकेच्या परवान्याचा नाही. तोंडाला मझल हवा, पण लस टोचली का हे कोणी विचारलं नाही! पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची पहिली लस, आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुतेक ठिकाणी दरवर्षी. त्याच्या बरोबरीने पार्व्हो, डिस्टेंपर आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) या आजारांच्या एकत्रित लशी. लेप्टो उंदरांच्या लघवीने पसरतो आणि पावसाळ्यात पार्किंगमध्ये साचलेल्या पाण्यातून माणसालाही होतो, तेव्हा कुत्र्याला लस देणं हे शेजाऱ्यालाही उपयोगाचं आहे. समितीने प्रत्येक श्वानपालकाकडून लशीच्या कार्डाची आणि परवान्याची प्रत मागून घ्यावी. ही एक अट घाला, मी घरोघर फिरून प्रती गोळा करून देईन.

चावा झालाच तर काय करायचं, हे लिफ्टशेजारी लावा. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना काही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं, कुत्रं घरचं आणि लस दिलेलं असलं तरी डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवायचं, आणि त्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा जमाना केव्हाच गेला. आता लस दंडात देतात, चार-पाच डोसांत. पण ती भीती अजून इतकी घट्ट आहे की मुलं चावल्याचं घरी सांगत नाहीत, आणि खरा धोका तिथे आहे. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

मुलांसाठी क्लबहाउसमध्ये एका रविवारी तासभर द्या. अनोळखी कुत्र्याच्या डोक्यावर वरून हात न्यायचा नाही, डोळ्यांत रोखून बघायचं नाही, जेवताना आणि झोपेत त्याला हात लावायचा नाही. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खूश आहे असं नेहमी नसतं. ताठ उभी राहून तुरुतुरु हलणारी शेपूट हा इशारा असू शकतो. ओठ चाटणं, उगाच जांभया देणं, मान फिरवून डोळ्यांच्या कडेतून बघणं यातून कुत्रं 'आता पुरे' सांगत असतं. गुरगुरतं ते त्यानंतर. गुरगुरलं म्हणून त्याला फटका मारणारे मालक पुढच्या वेळी न गुरगुरता चावणारं कुत्रं तयार करतात. हे मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही.

दोन गोष्टी शेजाऱ्यांसाठी, कारण निगा काही एकट्या मालकाच्या हातात नसते. प्रेमाने कुत्र्याच्या तोंडात काही घालू नका, आधी विचारा. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक असतात, किती खाल्ल्याने त्रास होईल याचा भरवसा नसतो. चॉकलेट वाईट, कांदा-लसूण घातलेला रस्सा वाईट, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवलेलं कोंबडीचं हाड फुटून घशात किंवा आतड्यात रुततं. आणि गोचिडी. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्यापेक्षा कितीतरी जास्त त्या भिंतींच्या फटींत, पार्किंगच्या कोपऱ्यांत, वॉचमनच्या केबिनमागे असतात. तपकिरी गोचीड भिंत चढते, फटीत शिरून हजारोंनी अंडी घालते. गोचीड तापाने दरवर्षी आपल्या आवारातली कुत्री आजारी पडतात. नाकातून रक्त येईपर्यंत काही घरांना पत्ता लागत नाही. एकेका घराने औषध लावून हे आटोपत नाही. भिंतींच्या फटी बुजवणं हे समितीचं काम आहे, आणि तुमच्या पाचशे रुपयांपेक्षा त्याचा उपयोग सगळ्यांना होईल.

तर माझी विनंती अशी. नोटीस मागे घ्या आणि येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय ठेवा. मी काही 'सगळं मोकळं करा' म्हणत नाही. मुलं खेळतात ती बाग संध्याकाळी पाच ते आठ कुत्र्यांसाठी बंद ठेवा, हे आम्ही मान्य करू. त्याऐवजी पंपहाउसमागची रिकामी पट्टी, जिथे आता फुटक्या कुंड्या आणि निवडणुकीचे जुने फलक पडलेत, ती कुत्र्यांसाठी कायम उघडी ठेवा. मुख्य लिफ्ट सगळ्यांना, ज्याला कुत्र्याबरोबर जायचं नसेल त्याला आधी जाऊ द्यायचं या अटीवर. लशीचं कार्ड सक्तीचं. न उचलणाऱ्याचं नाव फलकावर लावलंत तरी माझी हरकत नाही, आणि ते नाव माझं असलं तरी नाही. बीगलच्या घरच्यांना आणि खालच्या घरच्यांना एकत्र बसवायचं काम मी अंगावर घेते. बारावीच्या परीक्षेपर्यंत दुपारी दोन ते चार कुत्रं आमच्याकडे राहील, आमच्या चिंगीला सोबत होईल. चिंगीचं मत अजून घेतलेलं नाही.

कळावे,
आपली,
बी विंगमधील एक सभासद

ता. क. शनिवारी उंदरांच्या गोळ्या टाकायला माणूस येणार आहे असं वॉचमनकडून कळलं. या गोळ्यांतली बरीचशी औषधं रक्त गोठू देत नाहीत. कुत्र्याने गोळी खाल्ली, किंवा गोळी खाऊन मेलेला उंदीर खाल्ला, तर पहिले दोन-तीन दिवस काहीच दिसत नाही आणि मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो. वेळेत कळलं तर व्हिटॅमिन के देऊन कुत्रं वाचतं. म्हणून गोळ्या उघड्यावर न टाकता बंद डब्यांत ठेवायला सांगा, आणि औषधाचं नाव पाकिटावरून बघून शुक्रवारीच फलकावर लिहा. मांजरं पाळणाऱ्यांचाही हाच निरोप आहे.